पाइप झाका, पण बुजवू नका

खांडबाऱ्याच्या आमच्या घरी, बैठकीच्या खोलीत, छताखालून संडासचा पाइप जातो. ११० मिलिमीटर व्यासाचा, साधारण अकरा फूट लांब. एका कोपऱ्यात तो स्लॅबमधून खाली उतरतो, बाथरूमच्या नहाणी ट्रॅपकडून आलेला ७५ मिलिमीटरचा धाकटा पाइप वाटेत त्याला मिळतो, आणि मग मागच्या भिंतीतून बाहेर पडून तो परसातल्या चेंबरकडे जातो. घरात पहिल्यांदा येणारा माणूस आधी टीव्हीकडे बघतो, मग वर बघतो, आणि मग चहात लक्ष घालतो.

अशा पाइपचं करायचं काय, हे यूट्यूबला विचारा. पीओपी करा, जिप्सम बोर्ड मारा, लाकडी पट्ट्या लावा, प्लास्टिकची वेल सोडा, एलईडी फिरवा. सगळ्या उत्तरांचा सूर एकच असतो: पाइप ही लाजिरवाणी गोष्ट आहे, ती नाहीशी करा. मीही हेच मानत होतो. आता मानत नाही. हे मतपरिवर्तन मला ६८ हजार रुपयांना पडलं आणि त्यात एका चांगल्या माणसाचं नाव मी गावात खराब केलं. त्यामुळे जरा चढ्या आवाजात बोललो तर चालवून घ्या.

पाइप तिथे आलाच कसा

खांडबारा म्हणजे सुरत–भुसावळ रेल्वेमार्गावरचं, नवापूर तालुक्यातलं एक स्टेशनाचं गाव. आसपासच्या पाड्यांवर अजूनही बांबूच्या कुडाची, शेणामातीने लिंपलेली, वर कौलं असलेली घरं दिसतात. तशा घरात पाइप लपवायचा प्रश्नच येत नाही, कारण लपवायला पाइपच नसतो. आमचं घरही माझ्या लहानपणी कौलारू होतं. पाणी हापशाचं. संडास परसात, आणि बादली घेऊन जायचं.

नाना जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक होते. त्यांनी २००९ साली कर्ज काढून खाली स्लॅबचं घर बांधलं. मी इंजिनीअर झालो, पुण्यात नोकरीला लागलो, लॉकडाऊनमध्ये घरून काम करायला गावी आलो आणि २०२१ मध्ये माझ्या पगारातून वर दोन खोल्या आणि एक बाथरूम चढवलं.

गडबड इथेच आहे. शहरातल्या इमारतीत बाथरूमखालचा स्लॅब मुद्दाम फूटभर खोल ओततात. त्या खोलगटात पाइप बसतात आणि वरून फरशी येते. आमचा स्लॅब नानांनी छत म्हणून ओतला होता, त्याच्यावर कधी कोणी आंघोळ करेल हे गृहीत धरलं नव्हतं. मग दोनच मार्ग उरतात. वरच्या बाथरूमची जमीन फूटभर उचलायची, नाहीतर पाइप स्लॅबखालून न्यायचा. वरच्या मजल्याची उंची आम्ही पैसे वाचवायला आधीच कमी धरलेली, त्यामुळे जमीन उचलली असती तर आंघोळीला वाकून जावं लागलं असतं. पाइप खालून गेला.

महाराष्ट्रातल्या छोट्या गावांत मजल्यावर मजला असाच चढतो. एक पिढी छत घालते, पुढची त्यावर खोली बांधते. म्हणून हा पाइप फक्त आमच्या घरातला समजू नका. तुमच्या मामाच्या घरीही असेल. नसेल दिसत, तर पीओपीच्या मागे असेल.

२६ हजारांचं छत

पाइप ज्याने बसवला तो प्लंबर शाळेत माझ्या दोन वर्षं पुढे होता. आम्ही त्याला भाऊच म्हणतो. काम त्याने नीट केलं होतं. अशा पाइपला दर मीटरमागे दोन-अडीच सेंटिमीटर उतार लागतो. कमी पडला तर घाण साचते, फार झाला तर पाणी पुढे पळतं आणि घाण मागे राहते. भाऊने पाण्याची नळी लावून लेव्हल काढली होती. वळणावर डोअर बेंड घातला होता, म्हणजे झाकण असलेलं वळण, की पाइप तुंबला तर झाकण उघडून साफ करता येतं.

२०२२ मध्ये बहिणीचा साखरपुडा ठरला. आई म्हणाली, "व्याह्यांच्या डोक्यावर संडासचा पाइप?" मी पुण्याहून पिंटरेस्टवरचा एक फोटो पाठवला. पांढरंशुभ्र छत, कडेने खोबण, त्यात पिवळसर प्रकाश. पीओपीवाला नंदुरबारहून आला आणि २६ हजारांत काम ठरलं.

भाऊ ते बघायला मुद्दाम घरी येऊन गेला. मला फोनवर म्हणाला, "भो, डोअर बेंडखाले खिडकी ठेव. एक ना एक दिन उघाडनं पडी." कधीतरी उघडावं लागेल, एवढंच. मी म्हणालो, मधे चौकोनी झाकण आलं तर सगळी रेघ बिघडेल. तो म्हणाला, बरं.

साखरपुडा छान झाला. फोटोत छतही छान आलं.

२०२४ च्या पावसाळ्यात छतावर चहाच्या कपाएवढा पिवळा डाग आला. रंगाऱ्याने रंग दिला, डाग गेला आणि गणपतीनंतर परत आला. मी पुण्यात बसून फोटो बघून निदान केलं की बाथरूमची फरशी गळते आहे. फरशी फोडली, वॉटरप्रूफिंग केलं, नवी फरशी बसवली: ४२ हजार. महिनाभर डाग आला नाही. उपाय लागू पडला असं आम्ही समजलो. खरं कारण एवढंच होतं की काम चालू असताना आणि नंतरही ते बाथरूम कोणी वापरलंच नाही. वरचा मजला माझा. मी घरी आलो की डाग यायचा, मी पुण्याला गेलो की सुकायचा. रोज लॉग वाचून पोट भरणाऱ्या माणसाला हा नमुना दिसला नाही.

भाऊबीजेला घर भरलेलं होतं आणि वरचं बाथरूम सकाळपासून चालू होतं. दुपारी चारच्या सुमाराला नाना दिवाणावरून चहाला उठले आणि पाठोपाठ छताचा मोठा तुकडा त्या दिवाणावर पडला. सोबत काय पडलं ते सांगत नाही. कोणाला लागलं नाही. आईने दिवाणावरची गोधडी जाळली.

मोडक्या छतातून वर बघितलं तेव्हा कळलं. पीओपीच्या चौकटीच्या तारा पाइपच्या क्लॅम्पला बांधल्या होत्या. छताचं सगळं वजन दोन वर्षं पाइपच्या क्लॅम्पवर होतं. एक क्लॅम्प निसटला, पाइप तिथे खाली आला, उतार उलटा झाला आणि जोड उघडला. मी पीओपीवाल्यालाही दोष देत नाही. पाइप दिसता कामा नये आणि छत फार खालीही येता कामा नये, या माझ्या दोन अटींमध्ये त्याला तार बांधायला दुसरी जागा नव्हती.

दुरुस्तीचं सामान, एक रबर रिंग आणि दोन क्लॅम्प, २४० रुपयांचं. मजुरी ५०० रुपये.

जे मी भाऊचं केलं

मधल्या काळात, डाग दुसऱ्यांदा आला तेव्हा, मी बाजारात हार्डवेअरच्या दुकानात चार माणसांसमोर म्हणालो होतो की भाऊचं काम कच्चं निघालं. खांडबारा पुणे नाही. पुण्यात प्लंबरला कोणी एक तारा दिला तर तो पुढच्या सोसायटीत जातो. गावात असं वाक्य आठवडे बाजार उठायच्या आत सगळ्या पाड्यांवर पोहोचतं. दोन घरांनी त्याला दिलेलं काम काढून घेतलं, हे मला नंतर त्याच दुकानदाराने सांगितलं.

भाऊबीजेच्या संध्याकाळी नानांनी त्यालाच बोलावलं. तो आला, शिडी लावली, वर बघितलं. तारा बघितल्या. माझ्याकडे बघितलं नाही. दीड तासात काम करून पाचशे रुपये घेऊन गेला. "मी सांगितलं होतं" हे तो म्हणाला असता तर मला बरं वाटलं असतं.

दुसऱ्या दिवशी मी त्याच दुकानात जाऊन, हाताला लागतील तेवढ्या लोकांसमोर, चूक माझी होती हे सांगितलं. त्याने गेलेली कामं परत आली नाहीत.

यातून मला कळलं ते असं. पाइप झाकला की पाइपचं काम करणाऱ्याचा पुरावाही झाकला जातो. त्याचा उतार बरोबर होता, जोड बरोबर होते, झाकणाची सोय होती. हे सगळं उघडं असतं तर कोणीही शिडी लावून बघितलं असतं. ते छताच्या मागे गेलं आणि समोर उरला फक्त डाग. डागाबद्दल बोलायला माणूस लागतोच, आणि त्या यादीत सगळ्यात खाली जो असतो त्याच्यावर बोट जातं.

सुंदर घराचं बिल कोणाकडे जातं

पुण्यात मी भाड्याने राहतो ती इमारत बाहेरून फार देखणी आहे. एकही पाइप दिसत नाही. सगळे पाइप इमारतीच्या पोटातल्या उभ्या डक्टमध्ये आहेत. त्या डक्टमध्ये उभं राहायला जागा केलेली नाही. मागच्या वर्षी सातव्या मजल्याचा जोड गळायला लागला तेव्हा प्लंबर गच्चीवरून दोर कमरेला बांधून खाली उतरला. त्याचा साथीदार वर दोर धरून होता. मी नवव्या मजल्यावरच्या बाथरूमच्या खिडकीतून बघत होतो. अंगावर कोणाचं तरी आंघोळीचं पाणी पडत असताना तो जोड बदलत होता.

हा डक्ट काढणाऱ्याला प्रत्येक मजल्यावर एक दार आणि उभं राहण्यापुरती जाळी देता आली असती. पण त्यात काही चौरस फूट जातात, आणि चौरस फूट विकले जातात.

आपल्याला घाण दिसली नाही की ती कुठे जाते हा विचार सुटतो. मग चेंबर तुंबला की "कोणालातरी बोलवा". हा कोणीतरी कोण असतो, कोणत्या जातीचा असतो, हे या देशात वेगळं सांगावं लागत नाही. हाताने मैला साफ करून घेण्याविरुद्ध कायदा २०१३ सालचा आहे, आणि संरक्षक साधनांशिवाय माणसाला गटारात उतरवणं हा त्यात गुन्हा आहे. तरी माणसं उतरवली जातात आणि गुदमरून मरतात. छतातला पाइप आणि गटारातलं मरण यांची मी बरोबरी करत नाही. पण जी सवय घरात "दिसता कामा नये" म्हणते, तीच सवय रस्त्यावर मॅनहोलच्या झाकणाखाली काय चाललंय ते विचारत नाही.

आता कोणी म्हणेल, हल्ली तर पाइप दाखवायची फॅशन आहे. कोरेगाव पार्कातल्या कॅफेत जा. काळ्या रंगाचे लोखंडी पाइप, त्यांच्या फळ्या, त्यांचे दिवे. त्यातल्या बऱ्याच पाइपांतून काही वाहत नाही. खरे पाइप त्या कॅफेतही भिंतीआड असतात आणि समोर त्यांचं सोंग उभं असतं. हे मला पीओपीपेक्षा जास्त खटकतं.

महानगरपालिकाही हेच करते

घरातलं हे वागणं शहर मोठ्या मापाने करतं. मुंबईला पाणी देणारं तानसा धरण १८९२ सालचं. तिथून येणारे मोठाले पाइप उपनगरांतून जमिनीवरून उघडे जातात, आणि त्यांच्या कडेने वर्षानुवर्षं वस्त्या होत्या. पाइपांच्या दोन्ही बाजूंना दहा मीटर जागा मोकळी करा असा उच्च न्यायालयाचा आदेश होता. त्यामागे कारणही होतं: शहराच्या पिण्याच्या पाण्याची सुरक्षा. हजारो घरं पाडली गेली. त्यातल्या अनेक कुटुंबांना चेंबूरजवळ माहुलला, तेलशुद्धीकरण कारखान्यांच्या शेजारी, घरं दिली गेली. तिथली हवा राहण्याजोगी नाही म्हणून ती माणसं न्यायालयात गेली, आणि २०१९ मध्ये न्यायालयाला सांगावं लागलं की यांना दुसरीकडे राहण्यासाठी महिन्याला १५ हजार रुपये भाडं द्या.

आणि मोकळ्या झालेल्या जागेवर काय ठरलं? पाइपलाइनच्या कडेने ३९ किलोमीटरचा सायकल ट्रॅक. झाडं, दिवे, बाक.

सायकल ट्रॅकला माझा विरोध नाही. पण "सुशोभीकरण" हा शब्द ऐकला की मी आता आधी विचारतो, काय झाकलं आणि कोणाला हलवलं. पाइपच्या कडेला राहणाऱ्यांना त्या पाइपातलं पाणी हक्काने मिळावं यासाठी एवढी तडफ कधी दिसली होती का?

माझ्या धंद्यातली साक्ष

मी सॉफ्टवेअरवाला, त्यामुळे हे आमच्या भाषेत सांगितल्याशिवाय राहवत नाही. आमचा सगळा धंदा लपवण्यावर चालतो. तुम्ही फोनवर बटण दाबता, मागे शंभर गोष्टी घडतात, तुम्हाला त्या दिसत नाहीत, दिसायची गरजही नाही. पण जोएल स्पोल्स्की नावाच्या प्रोग्रामरने २००२ मध्ये एक नियम मांडला. त्याचा आशय असा: कोणतंही मोठं झाकण थोडंफार गळतंच. आतली गुंतागुंत कधी ना कधी बाहेर येते, आणि त्या दिवशी आत काय आहे हे माहीत नसलेला माणूस अडकतो.

आमच्याकडे खरोखरचे "पाइप"ही आहेत. युनिक्समध्ये एका प्रोग्रामचं आउटपुट दुसऱ्यात सोडायची सोय १९७३ मध्ये आली, डग मॅकिलरॉयच्या आग्रहामुळे. त्याच घराण्यात "टी" नावाची एक कमांड आहे. नाव घेतलंय ते प्लंबरच्या टी वरून, तीन तोंडांच्या जोडावरून. पाइपातून वाहणारं पुढे जाऊ द्यायचं आणि त्याची एक प्रत बाजूला काढून घ्यायची, एवढंच तिचं काम. वाहतं काय आहे ते बघायला तोंड ठेवलं पाहिजे, ही अक्कल आम्ही प्लंबरकडून उचलली. आणि मी भाऊला सांगितलं, झाकण नको, रेघ बिघडते.

आपल्याकडच्या जुन्या लोकांना हे कळत होतं. अठराव्या शतकाच्या मध्यावर नानासाहेब पेशव्यांच्या काळात कात्रजच्या तलावातून शनिवारवाड्यापर्यंत पाणी आणलं, ते जमिनीखालून. पण वाटेत ठिकठिकाणी वर येणारे बांधीव उच्छ्वास ठेवले: हवा सुटायला, आत बघायला, गाळ काढायला. पाणी गाडलं, पण श्वास घ्यायला तोंडं ठेवून गाडलं. मला या सगळ्या वादात तो शब्दच सगळ्यात आवडतो. उच्छ्वास. आमच्या २६ हजारांच्या छताला एकही नव्हता.

आईचं म्हणणं

आता दुसरी बाजू. पाइप उघडा ठेवायचा असं मी छत पडल्यावर जाहीर केलं तेव्हा आई म्हणाली, "तुला सोपं आहे. तू बादली घेऊन परसात गेला तेव्हा शाळकरी पोरगा होता. मी बाई होते."

यावर मला उत्तर नव्हतं, आजही नाही. जिने तरुणपणी अंधार पडायची वाट बघितली, जिने हापशाच्या रांगेत भांडणं केली, तिच्यासाठी नीटनेटकं छत म्हणजे दिखावा नव्हता. ते दिवस संपले याची ती पावती होती. पॅरिसमध्ये पोंपिदू सेंटर नावाची इमारत आहे, १९७७ मध्ये उघडलेली, रेंझो पियानो आणि रिचर्ड रॉजर्स यांची. तिचे सगळे पाइप बाहेरच्या अंगाला आहेत: हवेचे निळे, पाण्याचे हिरवे, विजेचे पिवळे. जग ते बघायला जातं. पण ज्याच्या घरी पिढ्यान्‌पिढ्या नळ आहे त्यालाच पाइप दाखवायची चैन सुचते, असं आई म्हणाली तर ती चूक नाही. शिवाय पाइप बाहेर ठेवले म्हणून देखभाल टळत नाही. ऊन-पाऊस खाऊन त्या इमारतीचीही मोठाली दुरुस्ती पुन्हा पुन्हा करावी लागली आहे.

म्हणून मी माझं म्हणणं थोडं बदललं. पाइप दाखवलाच पाहिजे असं मी म्हणत नाही. झाका, खुशाल झाका. पण बुजवू नका. पाहुण्याच्या नजरेपासून झाकायला हरकत नाही, पण तो पाना-पकडीला पोहोचला पाहिजे.

माझी आतेबहीण न्यू जर्सीत असते. तिकडे घरांना तळघर असतं आणि तळघराच्या छताखालून घरभरचे पाइप आणि हवेचे डक्ट जातात. मराठी घरांत तिथेच गणपती बसतो, तिथेच पोरांचा दंगा. तिने तळघर राहतं केलं तेव्हा कंत्राटदाराने तीन पर्याय दिले. सलग छत मारून सगळं बंद करायचं. काही न झाकता पाइपांसकट सगळ्यावर एकच काळा रंग फवारायचा. किंवा दोन-दोन फुटांचे सुटे चौकोन चौकटीत नुसते ठेवायचे, हवा तो चौकोन वर ढकलून काढता येतो. तिने सुटे चौकोन घेतले. मैत्रिणी म्हणाल्या, ऑफिससारखं दिसतं. ती म्हणाली, दिसू दे, पाणी बंद करायचा व्हॉल्व्ह त्या वर आहे.

हा शहाणपणा आहे आणि तो खांडबाऱ्यातही चालतो.

मग करायचं काय

भाऊकडून शिकलो ते सांगतो. पाइप कुरूप दिसतो तो पाइप असल्यामुळे नाही, गबाळा बसवल्यामुळे. पाइप खोलीच्या मधून न जाता भिंतीच्या किंवा बीमच्या कडेने गेला की अर्धी लढाई जिंकली. दोन पाइप असतील तर समांतर ठेवा. क्लॅम्प एकाच जातीचे आणि सारख्या अंतरावर, आडव्या मोठ्या पाइपला साधारण दर मीटरला एक. उतार सांडपाण्याच्या पाइपला लागणारच, त्यामुळे तो छताशी तिरका दिसणार. ते खटकत असेल तर त्याच्या पुढे एक सरळ लाकडी पट्टी मारा. डोळा पट्टी बघतो.

रंग द्या. पण आधी बारीक पॉलिश पेपरने पाइपची चकाकी घालवा, नाहीतर रंग सालीसारखा निघतो. छताचाच रंग दिला की पाइप नजरेतून आपोआप मागे जातो. गरम पाण्याचा सीपीव्हीसी असेल तर पाण्यातला अ‍ॅक्रिलिक रंग द्या, थिनरचा नको.

पेटी करायची तर प्लायची करा, स्क्रूने बसवा, आणि झाकणाच्या जागी दार ठेवा. आवाज येत असेल तर पेटीत पाइपभोवती रॉकवूल गुंडाळा. पाइपला हलायला जागा सोडा. प्लास्टिकचा तीन मीटरचा पाइप तापमानात तीस अंशांचा फरक पडला की सहाएक मिलिमीटर लांब होतो. आमच्याकडचा उन्हाळा आणि डिसेंबरची पहाट यांत एवढा फरक सहज पडतो. आणि पाइपला दुसऱ्या कशाचंही वजन टांगू नका. छताचं नको, दिव्याचं नको, सुकत घातलेल्या कपड्यांचंही नको.

शेवटचं, आणि हे यूट्यूबवर कोणी सांगत नाही. घराच्या बाहेर पाटीवर मालकाचं नाव असतं. इमारतीच्या फलकावर बिल्डरचं असतं, आर्किटेक्टचं असतं. पाइप ज्याने जोडले त्याचं नाव कुठेच नसतं. आम्ही सॉफ्टवेअरमध्ये एक ओळ बदलली तरी कोणी, कधी, का बदलली हे कायमचं नोंदलं जातं. ही नोंद दोष द्यायला उपयोगी पडते, तशी दोष चुकीच्या माणसावर जाऊ नये म्हणूनही.

आमच्या पाइपला आता छताचा पांढरा रंग आहे. रंग आईने निवडला. डोअर बेंडचं झाकण तेवढं लाल आहे, म्हणजे कोणालाही सापडावं. त्याच्या शेजारी मार्करने लिहिलंय: पाइप ११० मिमी, उतार मागच्या भिंतीकडे, बसवला २०२१, दुरुस्ती २०२४. खाली भाऊचं पूर्ण नाव आणि मोबाइल नंबर. नाव लिहायला मी त्यालाच शिडीवर चढवलं होतं. त्याने आधी नको म्हटलं, मग लिहिलं. अक्षर चांगलं आहे.

मागच्या महिन्यात आमच्याकडे आलेल्या एका पाहुण्याने मान वर करून ते वाचलं आणि चहा संपायच्या आधी नंबर उतरवून घेतला. आई अजूनही नव्या पाहुण्यांना पाइपकडे पाठ येईल अशी खुर्ची देते. ते तिचं तिने ठरवायचं.

तुमच्या घरी या दिवाळीला रंग निघेल. तेव्हा आधी विचारा, आपले पाइप कुठून जातात, झाकणं कुठे आहेत, बसवले कोणी. घरात कोणालाच सांगता आलं नाही, तर रंगाऱ्याच्या आधी प्लंबरला फोन करा. आणि त्याचं नाव लिहून ठेवा.